मात्रा आणि सेकंद



गाणे शिकणाऱ्या माणसाची एक बैठक आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. मांडीवर भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचा एखादा भाग उघडा आहे, शेजारी यंत्रावर त्याच चिजेचे ध्वनिमुद्रण लागले आहे, आणि शिकणाऱ्याचे बोट ओळीवरून पुढे सरकते आहे. मुखडा आला, बोट बरोबर समेच्या फुलीवर पडले. ठीक. पुढे गवई एका स्वरावर थोडा रेंगाळला, बोट थांबले. गवयाने तीन अक्षरे एका श्वासात उरकली, बोट धावले. आणि मध्येच एक लांब आलाप आला, तेव्हा ते बिचारे बोट पानावर कोठे ठेवावे हेच कळेना. आजचे आमचे व्याख्यान या बोटाविषयी आहे. ऐकू येणारा क्षण आणि लिहिलेले चिन्ह यांची गाठ घालण्याचे काम माणसे शंभराहून अधिक वर्षे करीत आली आहेत. आज ते संगणकाकडे सोपविण्याचा खटाटोप चालला आहे. त्या खटाटोपाचा इतिहास आम्हांला थोडक्यात सांगावयाचा आहे.

अडचण कोठे आहे ती आधी पाहू. पुस्तकातील काळ मात्रांचा आहे. तेथे एकामागून एक मात्रा येतात आणि प्रत्येक मात्रा दुसरीएवढीच असते, असे कागद म्हणतो. ध्वनिमुद्रणातला काळ सेकंदांचा आहे. त्याला मात्रा ठाऊक नाही, सम ठाऊक नाही, आवर्तनही ठाऊक नाही. सुई अमुक ठिकाणी आहे एवढेच त्याला कळते. तेव्हा दोहोंचा मेळ घालावयाचा म्हणजे प्रत्येक मात्रेला तिचा सेकंद नेमून द्यावयाचा. ऐकावयास हे हिशेबाचे काम वाटते. ते तसे नाही, कारण मात्रेची लांबी गाणारा किंवा वाजविणारा क्षणोक्षणी बदलीत असतो, आणि ती कशी बदलावी हीच तर त्याची कला.

युरोपात घड्याळ आणि संगीत यांची जाहीर सोयरीक १८१५ साली झाली. मेल्त्सेल नावाच्या कारागिराने मेट्रोनोम या ठोके देणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. कल्पना मुळात ॲमस्टरडॅमच्या विंकेलची होती, पण नाव मेल्त्सेलचे झाले, असे व्हावयाचेच. बेथोव्हेनने १८१७ मध्ये आपल्या सिंफनींसाठी मेट्रोनोमचे आकडे छापले, आणि ते आकडे खरे मानावे की नाही याचा वाद आजतागायत मिटलेला नाही.

त्याच शतकातली एक हकीगत आम्हांला फार आवडते. शोपँ हा पोलंडचा संगीतकार पॅरिसमध्ये राहत असे. मझुर्का हा त्याच्या देशातला तीन मात्रांचा नाच. त्या नावाच्या त्याच्या पुष्कळ रचना आहेत. चार्ल्स हाले या पियानोवादकाने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, शोपँ स्वतः मझुर्का वाजवी तेव्हा तीनऐवजी चार मात्रा आहेत असे वाटे, इतका तो पहिल्या मात्रेवर रेंगाळे. शोपँला हे मान्य नव्हते. अखेर हालेने त्याला वाजवावयास लावले आणि स्वतः शेजारी बसून मोठ्याने एक, दोन, तीन, चार मोजले. मोजणी चपखल बसली. तेव्हा शोपँ हसला आणि म्हणाला की हा त्या नाचाचा राष्ट्रीय स्वभावच आहे. रचना लिहिणारा आणि वाजविणारा एकच माणूस असून लेखन तीन सांगते आणि बोटे चार वाजवितात! दुर्दैवाने शोपँ १८४९ साली वारला, फोनोग्राफ १८७७ साली आला. आज मोजावयास काही उरले नाही.

फोनोग्राफ आल्यावर मात्र मोजणाऱ्यांची एक नवी जात निर्माण झाली. १८९० मध्ये फ्यूक्स नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने मूळ रहिवाशांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर घेतली आणि गिल्मन याने ती ऐकून १८९१ मध्ये स्वरलिपीत छापली. १९०० साली बर्लिनमध्ये कार्ल श्टुम्फ यांनी अशा मुद्रणांचा संग्रह उघडला. तेथील ऑटो आब्राहाम आणि एरिख फॉन होर्नबोस्टेल या जोडीने १९०४ मध्ये फोनोग्राफवर घेतलेल्या भारतीय चालींवर एक निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे आपल्याकडे गौहरजान हिची पहिली तबकडी नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास मुद्रित झाली, त्यानंतर दोनच वर्षांत बर्लिनमध्ये कोणी तरी कानाला नळी लावून आपले स्वर युरोपीय रेघांवर उतरवीत बसले होते.

या कामातला खरा तपस्वी बेला बार्टोक. हा हंगेरीचा संगीतकार १९०६ पासून फोनोग्राफ घेऊन खेड्यापाड्यांतून हिंडला. मेणाच्या नळकांड्याचा एक शाप असा की ते जितक्या वेळा ऐकावे तितके झिजते. कान पक्का होतो तो मूळ आवाजाच्या किमतीवर. बार्टोकने पूर्वी केलेले लेखन १९३४ नंतर बुडापेस्टच्या अकादमीत बसून पुन्हा तपासले, तेव्हा त्याला आपलेच जुने कागद उघडेबोडके वाटले. पुन्हा ऐकले, पुन्हा लिहिले. साध्या स्वरांभोवती बारीक स्वरांचे रान उगवले. यंत्राचा वेग निम्मा करावा, म्हणजे गाणे बरोबर एक सप्तक खाली उतरते आणि मुरकी उलगडते, ही या मंडळींची युक्ती. पुढे अमेरिकेत १९४१-४२ साली त्याने कोलंबिया विद्यापीठात मिलमन पॅरी याने युगोस्लाव्हियात घेतलेल्या मुद्रणांतील ७५ गीतांचे असेच लेखन केले. त्यात मुख्य स्वर मोठ्या अक्षरांत आणि अलंकार लहान अक्षरांत आहेत. पान पाहिले तर डोळे फिरतात. एवढे सूक्ष्म लेखन वाचून कोणी गाऊ शकेल असे आम्हांला वाटत नाही. पण बार्टोकला ते गाण्यासाठी नकोच होते. कागदाने आवाजाची साक्ष द्यावी एवढेच त्याचे मागणे होते.

उलट दिशेचा उद्योग सिनेमाने केला. तेथे संगीताला घड्याळाच्या हुकमतीत आणावयाचे होते, कारण चित्र एका सेकंदाला २४ चौकटी या ठरलेल्या वेगाने पळत असते. १९२८ साली वॉल्ट डिस्नेच्या ‘स्टीमबोट विली’ या चित्राचे संगीत न्यूयॉर्कमध्ये मुद्रित होत असता पहिल्या खेपेस वाद्यवृंद आणि चित्र यांची गाठच पडेना. दुसऱ्या खेपेस फिल्मवरच एक उडता ठिपका उमटविला आणि वाद्यवृंदाच्या नेत्याने त्यावर नजर ठेवून हात हलविला. पुढे कानात टिक्टिक् ऐकत वाजविण्याची पद्धत पडली. तिने सोय फार झाली. पण टिक्टिकीवर वाजविलेल्या संगीताची लेखनाशी जुळणी करणे म्हणजे रुळांवरून गाडी नेणे. त्यात शोध असा काही नाही.

शोध लागतो तो मोकळे वाजविलेले मोजल्यावर. ब्रूनो रेप या संशोधकाने १९९२ साली शूमानच्या ‘ट्रॉयमेराय’ या छोट्या रचनेची २४ नामांकित पियानोवादकांनी केलेली २८ मुद्रणे घेतली आणि प्रत्येक स्वर केव्हा सुरू झाला ते मोजले. कागदावर ज्या मात्रा सारख्या आहेत त्या कोणाच्याही हातून सारख्या पडलेल्या नाहीत. वाक्य संपताना सर्वच जण मंदावतात. कोण किती मंदावतो आणि कोठून मंदावू लागतो, यात माणूस ओळखू येतो. ज्याला आपण ढोबळपणे ‘वजन’ किंवा ‘ठहराव’ म्हणतो ते सेकंदाच्या अंशांत कागदावर आले.

आता संगणकाकडे वळू. १९५७ मध्ये बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाकडून सूर काढविला. १९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू शकतील अशी ‘मिडी’ ही सर्वमान्य भाषा ठरली. लोकांना वाटले, आता वाजवावे आणि लेखन आपोआप छापून निघावे. ज्याने हा प्रयोग केला आहे त्याला त्याचे फळ ठाऊक आहे. साधी चार मात्रांची ओळ मोकळ्या हाताने वाजवा. छापून येते ती एक भयंकर जाळी. स्वर जरा उशिरा सुटला म्हणून त्याला चौसष्टांश मात्रेचे शेपूट जोडलेले, जरा लवकर लागला म्हणून आधी एक इवलासा विराम. यंत्राने खोटे काहीच लिहिलेले नसते! सेकंद त्याने अचूक टिपले, मात्रा कोठे आहे ते त्याला कोणी सांगितले नव्हते. लेखन हे ऐकलेल्याचे मोजमाप नाही, ऐकलेल्याचा अर्थ आहे, ही गोष्ट या फजितीइतकी स्पष्टपणे दुसऱ्या कशानेही शिकविली नसेल.

मग प्रश्न उलटा मांडला गेला. लेखन आधीच तयार आहे, ध्वनीही तयार आहे. यंत्राने केवळ जुळणी करावी. १९८४ साली पॅरिसच्या एका परिषदेत रॉजर डॅनेनबर्ग आणि बॅरी व्हर्को या दोघांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, वादकामागोमाग स्वरलिपीतून चालणारा संगणक दाखविला. वादक रेंगाळला तर साथ रेंगाळे, धावला तर धावे. तबल्याच्या साथीची सवय असलेल्या आपल्या कानांना यात नवल वाटणार नाही. यंत्राने ते करावे याचे नवल.

साठवलेल्या ध्वनिमुद्रणाशी जुळणी करण्याची युक्ती मात्र संगीतातून आली नाही, ती बोलणे ओळखण्याच्या विद्येतून आली. कीव्हचे विन्त्स्यूक यांनी १९६८ मध्ये आणि जपानचे साकोए व चिबा यांनी १९७८ मध्ये ती मांडली. ती समजण्यास आपल्याला गणित नको, वारी पुरे आहे. समजा, आळंदीहून पंढरपुरास दोन दिंड्या निघाल्या. मुक्काम तेच, क्रमही तोच. एक दिंडी सासवडला दोन दिवस राहिली, दुसरी जेजुरीला रमली. आता पहिलीचा प्रत्येक दिवस दुसरीच्या कोणत्या दिवसाशी जुळतो हे सांगावयाचे. नियम दोनच: क्रम मोडावयाचा नाही, आणि मागे फिरावयाचे नाही. या नियमांत बसणाऱ्या सर्व जुळण्यांतून कमीत कमी विसंगतीची जुळणी संगणक निवडतो. मुक्काम ओळखण्याची खूण म्हणून तो ध्वनीतल्या बारा स्वरांपैकी कोणते किती जोराने वाजत आहेत एवढे पाहतो, सप्तक सोडून देतो. लेखनातूनही तशीच बारा कप्प्यांची रांग तयार करतो आणि दोन रांगा शेजारी ठेवतो.

ही युक्ती किती उपयोगी पडते आणि कोठे फसते, हे एका प्रकरणावरून चांगले दिसले. त्याची हकीगत जरा विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

इंग्लंडमध्ये जॉइस हॅटो नावाची एक पियानोवादक होती. १९७६ नंतर तिने जाहीर कार्यक्रम केले नाहीत. तिला कर्करोग होता. पुढे तिच्या नावावर ध्वनिमुद्रणे निघू लागली, ती शंभराच्या वर गेली. तिच्या नवऱ्याचीच कंपनी ती काढी. अवघडातले अवघड संगीत, आजारी वृद्ध स्त्री, आणि असे वादन! काही समीक्षक भारावून गेले. २००६ च्या जूनमध्ये ती वारली. २००७ च्या फेब्रुवारीत एका श्रोत्याने तिच्या नावाची लिस्टच्या रचनांची तबकडी संगणकात घातली, तर संगणकाने वादकाचे नाव लास्लो सिमोन असे दाखविले. तबकडीवरील तुकड्यांच्या लांबीवरून नाव शोधण्याची ती एक साधी सोय असते. ‘ग्रामोफोन’ मासिकाने चौकशी करविली आणि मुद्रण खरोखर सिमोनचेच निघाले.

याच सुमारास लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयात निकोलस कुक आणि क्रेग सॅप हे शोपँच्या मझुर्कांची मुद्रणे मोजीत होते. (हालेने मोजलेल्या त्याच मझुर्का!) पद्धत साधी आणि कष्टाची. मुद्रण लावावयाचे, स्वरलिपी समोर ठेवावयाची, आणि प्रत्येक मात्रेला एक कळ दाबावयाची. मग संगणकाच्या पडद्यावर ध्वनीची आकृती पाहून प्रत्येक ठोका नेमका जागेवर सरकवावयाचा. माणूस ओळखीच्या ठोक्यावर टाळी देतो ती बहुधा किंचित आधी पडते, म्हणून ही दुरुस्ती लागते. असे केल्यावर प्रत्येक मुद्रणाच्या मात्रांच्या लांबीची एक वक्ररेषा मिळते, आणि रेषांची तुलना करता येते. आर्टुर रुबिनस्टाईन याने या मझुर्का आयुष्यात तीनदा मुद्रित केल्या. त्याच्याही तीन रेषा एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. पण हॅटोच्या नावाची रेषा आणि यूजेन इंजिच या वादकाची रेषा एकमेकींवर ठेवल्या तर दोन दिसेनात. कोणाचा संशय घेऊन त्यांनी ही मापे काढली नव्हती. ती दुसऱ्याच कामासाठी काढली होती.

काही मुद्रणांचा वेग किंचित बदलून ठेवला होता. कानाला आणि लांबी मोजणाऱ्या सोयीला त्याने चकवा बसता. पण सर्व मात्रा सारख्याच प्रमाणात ताणल्या तर रेषेचा आकार बदलत नाही. कोणती मात्रा शेजारणीपेक्षा किती लांब, हे तसेच राहते. लिहिलेल्या मात्रेशी गाठ घातल्यामुळेच हे दिसले. नुसत्या सेकंदांत ते दडून राहिले असते. पुढे नवऱ्याने कबुली दिली. आपण बायकोच्या समाधानासाठी हे केले, वादनात तिचे वेदनेचे हुंकार येत ते झाकण्यासाठी इतरांचे तुकडे जोडू लागलो, आणि तिला हे माहीत नव्हते, असे त्याचे म्हणणे. त्यातले किती खरे मानावे ते ज्याचे त्याने ठरवावे. आम्हांला त्या प्रकरणात हॅटोपेक्षा इंजिचचे वाटते. मात्रा कोठे लांबवावी याचा जन्मभर विचार करून त्याने जे मिळविले ते दुसऱ्याच्या नावावर वाखाणले जात होते, आणि ते त्याचे आहे हे सिद्ध करावयास कोणी तरी बसून एकेक मात्रा टिपावी लागली.

आता आपल्या सर्वांच्या हाती येणाऱ्या साधनांविषयी दोन शब्द. स्वरलेखनाची सॉफ्टवेअरे गेल्या शतकाच्या अखेरीस आली: १९८८ मध्ये फिनाले, १९९३ मध्ये सिबेलियस, आणि नंतर फुकट मिळणारे म्यूझस्कोर. त्यांचा मूळ हेतू सुबक छपाई हा होता. ध्वनीशी गाठ हे नंतरचे कलम. त्यासाठी लेखनाच्या पोटात लयीचा एक अदृश्य नकाशा ठेवावा लागतो: अमुक आवर्तनाला अमुक सेकंद. २०१२ मध्ये निघालेल्या साउंडस्लाइस या सोयीत मुद्रण वाजत असता प्रत्येक आवर्तनाच्या आरंभी कळ दाबावयाची, म्हणजे तेथे खुंटी ठोकली जाते, आणि पडद्यावरची रेघ लेखनावरून आवाजाबरोबर सरकू लागते. आमच्या आरंभीच्या विद्यार्थ्याचे बोट ते हेच. दोन खुंट्यांमधला दोर मात्र यंत्र सरळ ताणलेला मानते, म्हणजे मधल्या मात्रा सारख्या वाटून देते. जाता जाता सांगावयास हवे की, फिनालेच्या मालकांनी ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची वाढ थांबवीत असल्याचे जाहीर केले. छत्तीस वर्षे ज्यांनी त्यात लेखन साठविले त्यांना आपली पाने दुसऱ्या घरी हलविण्याची चिंता लागली. क्रमिक पुस्तकाच्या जुन्या प्रतीला वाळवी लागते, पण ती उघडण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

आणि आपल्या संगीताचे काय? भातखंड्यांनी (१८६०-१९३६) लिपी केली तीत खाली रेघ म्हणजे कोमल, वर उभी रेघ म्हणजे तीव्र, फुली म्हणजे सम, शून्य म्हणजे खाली. ती बंदिशीचा सांगाडा सांगते आणि तेवढाच सांगण्याची तिची प्रतिज्ञा आहे. बारा कप्प्यांच्या रांगा जुळविणाऱ्या यंत्रापुढे ही लिपी आणि एखाद्या ख्यालाचे मुद्रण ठेवले तर ते गोंधळते. दिंडी आळंदीहून निघाली खरी, पण स्थायीच्या दोन ओळींनंतर ती वाटेत नसलेल्या गावी तासभर जाऊन आली, आणि मुखड्याशी परतली. क्रम मोडू नये, मागे फिरू नये, हे दोन्ही नियम येथे मोडतात. शिवाय विलंबित एकतालाचे एक आवर्तन मिनिटभराचे असू शकते. दोन समांमध्ये सरळ दोर ताणून मधल्या मात्रा वाटल्या तर ठेक्याचे बोल निदान जवळपास येतील. गाण्यातली अक्षरे मुळीच येणार नाहीत, कारण अक्षर मात्रेवर न टाकता मात्रेच्या आगेमागे टाकणे हीच तेथील शोभा आहे.

मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे एन.सी.पी.ए.मध्ये, १९८० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल आणि विम व्हान डर मेर यांनी स्वराची चाल रेषेने काढणारे यंत्र चालविले. पुढे सुवर्णलता राव आणि व्हान डर मेर यांनी ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या सहकार्याने ‘ऑट्रिम’ या नावाने जे काम केले त्यात त्यांनी हा तिढा आमच्या मते शहाणपणाने सोडविला आहे. छापील बंदिशीशी गाठ घालण्याच्या फंदात ते पडलेच नाहीत. पडद्यावर आडव्या रेघा स्वरांच्या, उभ्या खुणा तालाच्या, आणि त्यांवरून गवयाच्या आवाजाची सलग रेषा मुद्रणाबरोबर पुढे सरकते. मींड मींडेसारखी दिसते, आंदोलन हेलकावे खाताना दिसते.

आम्ही मागे एका स्नेह्याच्या घरी विलंबित ख्यालाचे एक मुद्रण घेऊन नुसत्या समा टिपून पाहिल्या. आम्ही दोघे होतो, आणि दोघांनी वेगवेगळी कळ दाबली. तबल्याच्या समेवर आमची बोटे जवळजवळ एकत्र पडली. गवयाची सम मात्र तिसऱ्या आवर्तनात तबल्याच्या किंचित मागे आली, तेव्हा स्नेह्याचे बोट तबल्याबरोबर गेले आणि आमचे गवयाबरोबर. खुंटी कोठे ठोकावी यावर आमचा वाद झाला, मुद्रण सात-आठ वेळा मागे नेऊन ऐकले, आणि शेवटी त्या एका समेच्या जागी आम्ही दोन खुणा ठेवल्या.